संदेशांच्या वाटा आंखणाऱ्या विदुषी

डॉक्टराचें काम काय, वकिलाचें काय, प्राध्यापकाचें काय, हें आपल्या घरांतील लहान मूलही सांगूं शकतें. परंतु 'नेटवर्क इंजिनियर' म्हणजे काय करणारा मनुष्य, असें विचारलें तर पुष्कळ सुशिक्षित घरांतून समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. आणि मौज ही, कीं त्याच घरांतील एखादा मुलगा किंवा सून तें काम करून प्रपंच चालवीत असते. ज्या व्यवस्थेवर आपला पत्रव्यवहार, पेढीची देवघेव आणि परदेशीं राहणाऱ्या मुलांशीं होणारीं संभाषणें अवलंबून आहेत, तिच्याविषयीं इतकी अनभिज्ञता असणें बरें नव्हे. म्हणून या महिन्यांत आम्हीं या धंद्यांतील एका थोर व्यक्तीचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. त्या व्यक्तीचें नांव राडिया पर्लमन. या अमेरिकन विदुषी असून, संगणकांच्या जाळ्यांतून संदेशांनीं कोणत्या वाटेनें जावें या शास्त्रांत त्यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें.

प्रथम हें शास्त्र कशाचें, तें थोडक्यांत पाहूं. पूर्वीं रेल्वेच्या टपालडब्यांतून सॉर्टर लोक पत्रें निवडीत असत. त्यांतील कोणालाही पत्राचा आरंभापासून शेवटपर्यंतचा सगळा प्रवास ठाऊक असण्याची गरज नसे. पत्ता पाहून हें पत्र पुढील कोणत्या पिशवींत टाकावयाचें, एवढेंच तो ठरवी. इंटरनेटवर असेंच घडतें. संदेशाचे लहान लहान तुकडे करितात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर पत्ता असतो, आणि जाळ्याच्या प्रत्येक नाक्यावर राउटर नांवाचें यंत्र तो पत्ता वाचून पॅकेट पुढच्या नाक्याकडे लावून देतें. फरक इतकाच, कीं टपालखात्याला वरिष्ठ कचेरी असते, वेळापत्रक असतें; इंटरनेटला असा कोणी मुख्य अधिकारी नाहीं. कोणती वाट खुली, कोणती बंद, हें राउटरांनीं एकमेकांना विचारून, एकमेकांवर विश्वास ठेवून ठरवावयाचें असतें. समुद्रांतील तार तुटली तर क्षणार्धांत दुसरी वाट शोधावयाची, आणि तीही कोणा मनुष्यास न उठवितां. हे राउटर एकमेकांशीं ज्या नियमांनीं बोलतात ते नियम रचणें, हें जाळ्याच्या शिल्पकाराचें काम होय. आपल्या देशांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्य लोकांस खुलें केलें. त्याच्या कितीतरी आधींच हे नियम रचण्याचें काम चालूं झालें होतें.

पर्लमनबाईंचा जन्म १९५१ सालीं व्हर्जिनिया संस्थानांतील पोर्ट्समथ येथें झाला, आणि बालपण न्यू जर्सी संस्थानांत समुद्रकांठच्या गांवीं गेलें. वडील सरकारी नोकरींत राहून रडारचें काम करीत. आई गणितज्ञ असून संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असे. त्या काळीं संगणक पाहिलेलीं माणसेंसुद्धां थोडीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या घराची कल्पना येईल. गणिताच्या अभ्यासांत आई मदत करी, पण मायलेकींचें बोलणें बहुधा वाङ्मय आणि संगीत यांविषयींच चाले. मुलगी पियानो व फ्रेंच हॉर्न वाजवावयास शिकली. शाळेंत गणित आणि विज्ञान या विषयांत ती हुशार होती; मात्र यंत्रें उघडून तीं पुन्हां जोडण्याची हौस तिला कधींच नव्हती.

या गोष्टीचा परिणाम पुढें दिसून आला. शाळेंत असतांनाच तिनें प्रोग्रॅम लिहिण्याच्या एका वर्गांत नांव घातलें. तेथें जाऊन पाहते तों इतर विद्यार्थी आपण सातव्या वर्षीं रेडिओ कसा बांधला याच्या गोष्टी सांगत होते, आणि शिक्षकांना प्रश्न विचारतांना तिनें कधीं न ऐकलेले शब्द वापरीत होते. 'इनपुट' या शब्दाचाही अर्थ तिला ठाऊक नव्हता. आपण इतक्या मागें आहों कीं यांना कधींच गांठतां येणार नाहीं, अशी तिच्या मनानें खूणगांठ बांधली, आणि त्या वर्गांतून ती कांहींएक न शिकतां बाहेर पडली.

पुढें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत ती गणित शिकूं लागली. तिच्या तुकडींतील सुमारें १,००० विद्यार्थ्यांत मुली अवघ्या ५० च्या आसपास होत्या. तेथें पदार्थविज्ञानाच्या एका सहायक शिक्षकानें आपल्या कामासाठीं प्रोग्रॅम लिहिशील का, असें तिला विचारलें. 'मला प्रोग्रॅम लिहितां येत नाहींत,' असें तिनें सरळ सांगितलें. त्यावर त्यानें दिलेलें उत्तर मोठें मार्मिक होतें. तें मला ठाऊक आहे आणि म्हणूनच मी तुला विचारतों, असें तो म्हणाला. तूं हुशार आहेस, तुला शिकवितां येईल. आणि तुला तें आधींच येत असतें तर पगार द्यावा लागला असता, तो माझ्यापाशीं नाहीं! शाळेंतील वर्गानें जें दार लावून घेतलें होतें, तें या मनुष्याच्या दोन वाक्यांनीं आणि रिकाम्या खिशानें उघडलें.

विद्यार्थीदशेंतच पर्लमनबाईंनीं प्राध्यापक सेमूर पेपर्ट यांच्या प्रयोगशाळेंत १९७४ ते १९७६ या काळांत एक नामी साधन तयार केलें. ज्यांस अक्षरओळख नाहीं अशा साडेतीन ते पांच वर्षांच्या मुलांनीं बटनें दाबून एका यंत्रकांसवाला हुकूम द्यावेत आणि खेळतां खेळतां प्रोग्रॅम रचण्याची कला शिकावी, अशी ती योजना होती. पण हें काम त्यांनीं पुढें चालविलें नाहीं. त्याचें कारण त्यांनींच नंतर सांगितलें आहे. भोंवतीं सगळे पुरुष. त्यांत आपण एकटी बाई, आणि तीही लहान मुलांचें काम करणारी! अशा बाईला शास्त्रज्ञ म्हणून कोण गंभीरपणें मानील, अशी भीति त्यांना वाटली. बालशिक्षणाचें काम हलकें मानण्याची खोड केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं, हें यावरून दिसेल.

यानंतर त्या बीबीएन या कंपनींत नोकरीस लागल्या. १९६९ सालीं अमेरिकन सरकारच्या पैशानें आर्पानेट नांवाचें जें जाळें सुरू झालें, त्याच्या नाक्यांवरचीं यंत्रें याच कंपनीनें बांधलीं होतीं. येथें असतांना एका सभेंत त्यांनीं संदेशांच्या मार्गाविषयींचा एक अडलेला प्रश्न किती सोप्या रीतीनें सुटतो, हें सप्रमाण मांडून दाखविलें. सभा आटोपतेवेळीं संयोजकांनीं त्याच प्रश्नाचें नांव घेऊन, हा अद्याप कोणी सोडविलेला नाहीं, तरी कोणी तरी सोडवावा, असें जाहीर केलें! बाईंना राग आला यांत नवल नाहीं. तोंड पाहून बोलण्याची किंमत ठरविण्याचा दोष तर येथें होताच. पण उत्तर फार सोपें होतें, हाही त्याचा एक अपराध असावा. अवघड भाषेंत सांगितलेल्या गोष्टीला लोक खोल समजतात, आणि सोप्या गोष्टीला किरकोळ समजतात.

१९८० सालीं पर्लमनबाई डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनींत गेल्या. त्याच वर्षीं २७ ऑक्टोबर रोजीं आर्पानेटवर एक चमत्कारिक अरिष्ट आलें. तेथें प्रत्येक नाक्यावरचें यंत्र आपल्या भोंवतालच्या वाटांचें वर्तमान सर्वांस कळवी, आणि जुनें वर्तमान कोणतें व नवें कोणतें हें समजावें म्हणून त्यावर क्रमांक घाली. हे क्रमांक ६३ पर्यंत जाऊन, घड्याळांत बारानंतर पुन्हां एक वाजतो त्याप्रमाणें, पुन्हां शून्यापासून सुरू होत. त्या दिवशीं एका यंत्रांत बिघाड होऊन एकाच वर्तमानाचे ८, ४० व ४४ असे तीन क्रमांक झाले. गोल फिरणाऱ्या या मोजणींत ४० हा ८ च्या पुढें, ४४ हा ४० च्या पुढें, आणि फिरून ८ हा ४४ च्या पुढें ठरला! प्रत्येक यंत्र तिन्ही वर्तमानें आलटून पालटून नवीं समजून शेजाऱ्यांस कळवीत राहिलें, आणि त्या गडबडींत सर्व जाळें कांहीं तास निकामी झालें. एखादें यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें तरी शेजारीं तेंच विष शिल्लक असे; तें तत्काळ परत येई.

यंत्र बिघडणार, हें तर गृहीतच धरावयास हवें. परंतु बिघडलेलें यंत्र काढून टाकल्यावरही त्याची चूक जाळ्यांत कायम फिरत राहावी, हा नियम रचणाऱ्याचा दोष होय. १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत पर्लमनबाईंनीं याच रोगावर उपाय सांगितला. क्रमांक गोल न फिरवितां सरळ वाढत जावेत, आणि प्रत्येक वर्तमानाला आयुष्य असावें. तें संपलें कीं वर्तमान आपोआप बाद व्हावें. म्हणजे कितीही घोटाळा झाला तरी त्याचें कारण दूर होतांच जाळें आपलें आपण सांवरेल. याच विचारानें त्यांनीं आपल्या कंपनीसाठीं मार्ग ठरविण्याचे जे नियम रचले, त्यांतून आयएस-आयएस नांवाचा प्रोटोकॉल निघाला, आणि तो मोठमोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांत आजही वापरांत आहे.

पण त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें दुसऱ्याच एका कामामुळें. कचेरींतील संगणक एका तारेनें जोडण्याची ईथरनेट नांवाची युक्ति १९७३ सालीं निघाली होती. अशा दोन तारा जोडावयाच्या तर मध्यें ब्रिज नांवाचें यंत्र बसवीत. एक ब्रिज बिघडला तरी काम अडूं नये म्हणून दोन बसवावे, तर तारांचा फेरा तयार होई आणि संदेश त्यांत गोल फिरत राही. इंटरनेटच्या पॅकेटावर, इतके टप्पे झाले कीं हें टाकून द्यावें, असा आंकडा असतो. ईथरनेटच्या संदेशावर तो नसतो. त्यामुळें फेऱ्यांत सांपडलेला संदेश मरत नाहीं. उलट त्याच्या प्रती वाढत जाऊन सगळी तार तुंबते.

एका शुक्रवारीं वरिष्ठांनीं बाईंना हा प्रश्न सोडविण्यास सांगितलें, आणि ते स्वतः आठवडाभराच्या रजेवर गेले. त्यांची आणखी एक अट होती, कीं जाळें कितीही वाढलें तरी प्रत्येक ब्रिजाला लागणारी स्मरणशक्ति वाढूं नये. त्याच रात्रीं बाईंना उत्तर सुचलें. प्रत्येक ब्रिजाला एक क्रमांक असावा. ज्याचा क्रमांक सर्वांत लहान त्याला सर्वांनीं मूळ मानावें. इतरांनीं मुळाकडे जाणारी आपली सर्वांत जवळची वाट शोधावी आणि बाकीच्या वाटा तूर्त बंद ठेवाव्या. असें केलें कीं जाळ्याचें झाड होतें, आणि झाडाच्या फांद्यांत फेरा नसतो. मूळचा ब्रिज सामान्यतः दर २ सेकंदांनीं आपण जिवंत असल्याचें कळवितो. तो आवाज ठराविक काळ ऐकूं आला नाहीं, तर राखून ठेविलेल्या वाटा आपोआप उघडतात. सोमवारीं आणि मंगळवारीं त्यांनीं हें सर्व सविस्तर लिहून काढलें. वरिष्ठ अद्याप परतले नव्हते. तेव्हां उरलेल्या दिवसांत बाईंनीं आपल्या युक्तीवर एक विनोदी कविता रचली! पुढें त्यांच्या मुलानें तिला चाल लाविली आणि मुलीनें ती गाइली. १९८५ सालीं ही रीत विद्वानांच्या परिषदेंत प्रसिद्ध झाली, १९९० सालीं तिला प्रमाण नियमाची मान्यता मिळाली, आणि पुढें जगभर कचेऱ्यांतील जाळीं तिच्या आधारानें चालूं लागलीं.

येथें एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या कामानें कीर्ति मिळाली तें बाईंना स्वतःला फारसें पसंत नव्हतें. ईथरनेट म्हणजे केवळ एक तार. तिलाच संबंध जाळें समजणें ही मुळांतली चूक, आणि ब्रिज म्हणजे त्या चुकीवर लाविलेलें तात्पुरतें ठिगळ, असें त्यांचें मत होतें आणि तें त्या उघड बोलून दाखवीत. ठिगळालाच वस्त्र समजलें म्हणजे काय होतें, याचा अनुभव बॉस्टन शहरांतील बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयानें घेतला. तेथील जाळें वर्षानुवर्षें थोडें थोडें जोडीत वाढविलें होतें, आणि ब्रिजांची सांखळी या रीतीस पेलेल त्याहून लांब झाली होती. १३ नोव्हेंबर २००२ रोजीं एका संशोधकाच्या संगणकांतून माहितीचा मोठा लोंढा त्यांत आला आणि जाळें कोसळलें. पुढें सुमारें चार दिवस डॉक्टरांना आणि परिचारिकांना औषधांच्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे निकाल कागदावर लिहून हातोहात पोंचवावे लागले. कोणत्या उपायाची मर्यादा किती, हें ओळखणें आणि ती ओलांडली जाण्यापूर्वींच सांगणें, हेंही या धंद्यांतील मनुष्याचें कर्तव्य आहे. बाईंनीं २००४ सालीं स्वतःच आपल्या जुन्या रीतीहून चांगली अशी एक नवी रीत सुचविली. आपल्या कीर्तीच्या वस्तूला आपणच पर्याय शोधणारीं माणसें थोडीं असतात.

बिघडलेल्या यंत्राहून कठीण प्रश्न खोटें बोलणाऱ्या यंत्राचा. १९८८ सालीं ज्या प्रबंधावर त्यांस डॉक्टरेट मिळाली, त्याचा विषय हाच होता. कांहीं राउटर फितूर झाले, खोट्या वाटा सांगूं लागले, तरी प्रामाणिक यंत्रांच्या वाटेनें संदेश पोंचलाच पाहिजे, अशी रचना करतां येईल काय? येईल, असें त्यांनीं दाखवून दिलें. तेव्हां हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटला असेल. परंतु २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानांतील एका टेलिफोन कंपनीनें, यूट्यूब आपल्या देशापुरतें बंद करण्यासाठीं, यूट्यूबचे कांहीं पत्ते आपल्याकडे असल्याचें जाहीर केलें. तें वर्तमान देशाबाहेर निसटलें, इतर कंपन्यांच्या राउटरांनीं तें खरें मानलें, आणि सुमारें दोन तास जगांतील पुष्कळ लोकांचे यूट्यूबकडे जाणारे संदेश पाकिस्तानाकडे वळले. निरनिराळ्या कंपन्यांचीं जाळीं एकमेकांस ज्या नियमांनीं वाटा कळवितात, ते १९८९ सालीं ठरले त्या वेळीं या जगांत बहुतेक सर्व एकमेकांस ओळखणारे होते. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा, हाच त्यांचा पाया होता. ओळखीच्या लोकांत जें चालतें तें अनोळखी गर्दींत चालत नाहीं. सांगणारा तो पत्ता सांगण्यास अधिकारी आहे कीं नाहीं, हें तपासण्याची सोय मागाहून बसविण्याचें काम आजही चालूं आहे.

बाईंच्या नांवावर शंभराहून अधिक पेटंटें आहेत. त्यांचा 'इंटरकनेक्शन्स' हा ग्रंथ १९९२ सालीं निघाला, आणि क्लिष्ट विषय स्वच्छ व खेळकर भाषेंत सांगणारें पुस्तक म्हणून विद्यार्थ्यांत तो प्रिय झाला. २०१४ सालीं इंटरनेटच्या सन्माननीयांत आणि २०१६ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय संशोधकांच्या मालिकेंत त्यांची गणना झाली. वर्तमानपत्रांनीं त्यांना 'इंटरनेटची माता' अशी पदवी दिली. ती मात्र त्यांना आवडत नाहीं. इंटरनेट हें कोणा एकाचें कर्तृत्व नव्हे, असें त्या सांगतात.

या चरित्रांत आमच्या वाचकांनीं विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. मुलगा खेळणें मोडून जोडतो, तेव्हां तो इंजिनियर होणार. मुलगी तसें करीत नाहीं, तेव्हां तिला तिकडे गति नाहीं, असे निकाल आपण फार लवकर देतों. पर्लमनबाईंनीं रेडिओ कधीं उघडला नाहीं. गुंतागुंतीची त्यांना हौस नव्हती, आणि गुंतागुंत नकोशी वाटते म्हणूनच ती सोडविण्याची बुद्धि त्यांच्या ठिकाणीं वाढली. बिघडणार काय, बिघडलें तर कळेल कसें, आणि कोणी जागें नसतांना सांवरेल कसें, असे प्रश्न ज्या मनाला पडतात, त्या मनाचें हें काम आहे. एकत्र कुटुंबांत एखादी गृहिणी घराची घडी अशी बसविते, कीं ती स्वतः आजारी पडली तरी मुलांचा डबा चुकत नाहीं आणि म्हाताऱ्यांचें औषध राहत नाहीं. तिचें कौतुक होत नाहीं, कारण कांहीं अडलें असें कोणाच्या लक्षांतच येत नाहीं. जाळ्याच्या शिल्पकाराची गत अशीच असते. जाळें चाललें तर त्याचें नांव कोणी घेत नाहीं, थांबलें तर मध्यरात्रीं त्याला उठवितात.

म्हणून ज्या घरांत हा व्यवसाय करणारें कोणी असेल, त्या घरानें त्याच्या शांततेला आळस समजूं नये. आणि ज्या घरांत शिकणारी मुलगी असेल, तेथें तिला 'तुला हें येत नाहीं' या वाक्यापाशीं थांबूं देऊं नये. त्या सहायक शिक्षकानें केलें तेवढें तर कोणाही वडीलधाऱ्यास करितां येईल. त्याला तर पगार देण्याचीही ऐपत नव्हती.